शंभर कसले?

गेल्या महिन्यात शनिवारी सकाळी भोंगवलीला मामाकडे निघालो होतो. सातारा रस्त्यावर कापूरहोळच्या अलीकडे गाडीचा टेंपरेचरचा काटा वर चढायला लागला. दुखणं जुनंच. दोन महिन्यांपूर्वी शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरमध्ये कूलंट आणि थर्मोस्टॅट बदलून साडेतीन हजार मोजले होते. नशिबाने समोरच एक गॅरेज दिसलं.

बॉनेट उघडून मी रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार, तेवढ्यात तिथला मेकॅनिक ओरडला, "साहेब, हात लावू नका, भाजाल!" बावीस-तेवीसचा असेल. इंजिन एवढं तापूनही पंखा बंद होता. त्याने बॅटरीवरून थेट वायर लावली, पंखा फिरला. म्हणजे मोटर चांगली. फ्यूज काढून बघितला, शाबूत. मग पंख्याचा रिले काढून तिथे त्याच नंबरचा हॉर्नचा रिले बसवला, आणि पंखा सुरू! सगळं मिळून वीस मिनिटं. ऑफिसात आम्ही याला रूट कॉज ॲनालिसिस म्हणतो आणि त्यासाठी तीन मीटिंगा घेतो :-)

नवीन रिलेचे दोनशे आणि मजुरी शंभर. माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "शंभर कसले? नुसता रिले तर बदललास." त्याने काही न बोलता पन्नास परत केले. मीही घेतले.

मामाकडे वेगळंच प्रकरण वाट बघत होतं. मामेभाऊ दहावी झालाय आणि त्याला आयटीआयला मोटर मेकॅनिकला जायचंय. मामाने मला बाजूला घेतलं, "तू इंजिनिअर हाईस, तूच सांग त्याला समजावून. हात काळे करायला शिकवलं का त्याला?" मीही लगेच सुरू झालो. आधी डिप्लोमा कर, मग डिग्री कर, मग बघू. त्याने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "दादा, तू पण मेकॅनिकलच ना? मग सकाळी गाडी कुणी चालू केली?"

काय बोलणार! मी खरंच मेकॅनिकलचा इंजिनिअर आहे. पहिल्या वर्षी वर्कशॉपला लोखंडाचा तुकडा कानशीने घासून काटकोनात आणायचा होता. तो मी बाहेरून करून आणला आणि जर्नल वेळेवर सबमिट केलं. आयटीआयची सुरुवातच त्या कानशीपासून होते, आणि तिथे ती रोज हातात असते. देशात ही कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. मोटर मेकॅनिकचा कोर्स दोन वर्षांचा. मोजमाप, वेल्डिंग, इंजिन उघडणं-जोडणं, ब्रेक, गिअरबॉक्स, वायरिंग, सगळं हाताने. पुढे १९६१ च्या कायद्याखाली कारखान्यात ॲप्रेंटिसशिप करता येते. आणि मामाला माहीत नव्हतं ते म्हणजे, दोन वर्षांचा आयटीआय केला की डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे दरवाजा बंद होत नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी खोटा ठरेन. हा धंदा झपाट्याने बदलतोय. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि नव्या दुचाकींतून कार्ब्युरेटर जवळपास गेला, त्याच्या जागी सेन्सर आणि इंजेक्टर आले. इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीत तीनशे-चारशे व्होल्ट असतात, तिथे 'हात लावून बघू' चालत नाही. जर्मनीने २००३ मध्येच मेकॅनिक आणि वाहनांचा इलेक्ट्रिशियन हे व्यवसाय एकत्र करून साडेतीन वर्षांचं एकच प्रशिक्षण केलं. आपल्याकडेही आता इलेक्ट्रिक व्हेईकल मेकॅनिकचा वेगळा ट्रेड आहे. पण तुमच्या जवळच्या संस्थेत कुठला ट्रेड आहे, वर्कशॉपमध्ये स्कॅनर आहे की जुनं इंजिन, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन बघायलाच हवं. सर्टिफिकेट सगळीकडे सारखंच, शिक्षण नाही.

पण मला सगळ्यात जास्त खुपलं ते वेगळंच. सर्व्हिस सेंटरचं साडेतीन हजारांचं बिल मी मुकाट भरलं, कारण त्यात पार्टची नावं होती. बिघाड त्याने सापडला नाही, तरीही. ज्याने बिघाड शोधला, त्याच्या शंभर रुपयांवर मी घासाघीस केली. माझी कंपनी क्लायंटला तासांचं बिल लावते, आणि त्यातले निम्मे तास बग नेमका कुठे आहे हे शोधण्यातच जातात. तिथे डोक्याचे पैसे. इथे मात्र डोकं चालवलं तेही फुकट, कारण हाताला ऑईल लागलंय.

मग मेकॅनिकने काय शिकावं? न शोधता पार्ट बदलत सुटावं, हेच ना? पार्टवर पैसे मिळतात, शोधण्यावर मिळत नाहीत. आणि मग आपणच म्हणायचं, की हल्ली चांगले मेकॅनिक राहिले कुठे! 'पोरगं आयटीआयला चाललंय' म्हटल्यावर मामाचा चेहरा का पडतो, याचं उत्तर मार्कांत नाही. ते त्या परत घेतलेल्या पन्नास रुपयांत आहे.

रात्री जेवताना मी मामाला सांगितलं, "जाऊ दे त्याला. पण आधी दोन-तीन आयटीआयची वर्कशॉपं बघू, आणि ॲप्रेंटिसशिप सोडायची नाही. सोबत इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं, ते मी बघतो." मामा काही बोलला नाही. मामी म्हणाली, "फॉर्म कधी भरायचाय?" भरला.

रविवारी परतताना कापूरहोळच्या त्या गॅरेजपाशी थांबलो. शटर बंद होतं. पन्नास रुपये अजून द्यायचे आहेत.