१९५५ चा पाहुणा: गोव्याचा फुटबॉल नेमका कोणाचा?

दरवर्षी गोवा मुक्तिदिन जवळ आला की एक वाक्य पुन्हा फिरू लागते: ‘काही म्हणा, गोव्याला फुटबॉल पोर्तुगिजांनी दिला.’ पुरावा म्हणून १९६० साली बेनफिकाचा संघ गोव्यात आल्याचे सांगितले जाते. जरा अधिक वाचलेले लोक आणखी पाच वर्षे मागे जातात. १९५५ मध्ये मोझांबिकच्या लोरेन्सो मार्केस शहरातील फेरोव्हियारियो हा क्लब गोव्याच्या दौऱ्यावर आला होता. एक आफ्रिकी संघ समुद्र ओलांडून गोव्यात मैत्रीचे सामने खेळतो, मग त्या राजवटीचे फुटबॉलप्रेम आणखी कसे सिद्ध करायचे, असा हा युक्तिवाद आहे.

दौरा खरा आहे. त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

प्रथम कालक्रम पाहावा. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० मध्ये. फुटबॉल गोव्यात आला १८८३ मध्ये, आणि तो लिस्बनहून आला नाही. प्रकृती सुधारण्यासाठी शिवोलीला येऊन राहिलेले फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनी तो तेथील मुलांना शिकवला. पुढे चर्चच्या शाळा, राशोलचे सेमिनरी आणि गावोगावचे पाद्री यांच्यामार्फत तो पसरला. दुसरी वाट मुंबईची. धोबी तलावाच्या कूडांत राहणारे खलाशी, आचारी, वादक आणि कारकून सुट्टीत गावी परतताना हा खेळ बरोबर नेत. मुंबईत १८९१ पासून रोव्हर्स चषक खेळला जात होता. गोमंतकीय तरुणाला फुटबॉलची भूक लागली ती तेथे. या सर्व काळात पणजीचे सरकार या खेळाकडे फारसे फिरकलेही नाही.

मग पन्नाशीच्या दशकात त्याला एकाएकी फुटबॉल का आठवला?

१९५१ मध्ये सालाझार राजवटीने राज्यघटना बदलली आणि वसाहतींचे नाव ‘सागरपार प्रांत’ असे ठेवले. वसाहत असेल तर ती सोडण्याची मागणी होऊ शकते. प्रांत हा तर राष्ट्राचाच भाग. १९५४ मध्ये दादरा व नगरहवेली हातची गेली. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्या तुकडीने गोव्याच्या हद्दीत पाऊल टाकले. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि वीसहून अधिक माणसे मेली. भारताने सीमा बंद केली. फेरोव्हियारियोचा दौरा याच वर्षातला आहे. ज्या वर्षी सावंतवाडीच्या बाजूने येणाऱ्या मराठी माणसाला बंदुकीने अडवले जात होते, त्याच वर्षी आफ्रिकेहून येणाऱ्या संघाला मैदान खुले होते. गोमंतकीयाचे आप्त सीमेपलीकडे राहत नाहीत, ते लोरेन्सो मार्केसला, लुआंडाला आणि लिस्बनला राहतात, हे त्याच्या मनावर ठसवण्याची ही सोय होती.

पुढील पाहुण्यांची यादीही बोलकी आहे. १९५९ मध्ये आला कराचीचा पोर्ट ट्रस्ट संघ. मुंबई, कोल्हापूर, बेळगाव हाकेच्या अंतरावर असताना कराची का? भारताने नाकेबंदी केल्यावर गोव्याचे हवाई दळणवळण कराचीमार्गे चालले होते. फुटबॉलही त्याच मार्गाने आला. १९६० मध्ये आला बेनफिका. गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली १९५९ च्या डिसेंबरात, म्हणजे राजवटीची अवघी दोन वर्षे उरली असताना. साडेचारशे वर्षांच्या सत्तेने एवढ्या उशिरा केलेल्या खर्चाला देणगी म्हणणे हे फारच उदार मनाचे लक्षण आहे.

आता पाहुण्याकडे वळावे, कारण या कथेत त्याच्यावरही अन्याय झाला आहे. फेरोव्हियारियो म्हणजे रेल्वेवाल्यांचा क्लब, स्थापना १९२४. ज्या मोझांबिकमध्ये तो जन्मला तेथे ‘देशी’ ठरवलेल्या आफ्रिकी माणसाला नागरिकत्व नव्हते. ती कायदेशीर वर्गवारी १९६१ पर्यंत टिकली. रेल्वे आणि बंदर सक्तीच्या मजुरीवर उभे होते. लोरेन्सो मार्केसमध्ये काळ्या वस्त्यांतील फुटबॉलची संघटना वेगळी होती आणि शहरातील मोठ्या क्लबांची वेगळी. मफलालासारख्या वस्तीत पत्र्याच्या घरांमध्ये वाढलेल्या मुलांना त्या क्लबांची दारे हळूहळू आणि मोजून उघडली. युसेबियो याच वस्तीतला. तो १९६० च्या डिसेंबरात लिस्बनला पोहोचला. मे १९६१ मध्ये बेनफिकाने बार्सिलोनाला ३-२ असे हरवून युरोपीय चषक जिंकला, तेव्हा गोलरक्षक कोस्ता पेरेरा आणि मारियो कोलुना मोझांबिकमध्ये जन्मलेले होते, तर कर्णधार जोझे अग्वास अंगोलात. साम्राज्य आफ्रिकेतून खेळाडू उचलत होते आणि त्यांच्या यशाला ‘एकात्म राष्ट्रा’चे प्रमाणपत्र म्हणून मिरवत होते.

आणि याच पन्नाशीत मोझांबिकहून गोव्यात केवळ फुटबॉलपटू आले नाहीत. तेथे भरती केलेले आफ्रिकी सैनिकही गोव्याच्या ठाण्यांवर आणले गेले होते. एका वसाहतीतील माणूस दुसऱ्या वसाहतीवर पहाऱ्याला उभा करायचा, आणि तिसऱ्या प्रहरी दोघांना एकाच मैदानाभोवती टाळ्या वाजवायला लावायच्या, अशी ही मैत्री.

प्रतिपक्षाचा एक मुद्दा मान्य करायला हवा. संघटना, स्पर्धांची शिस्त, परदेशी संघाचा खेळ डोळ्यांनी पाहण्याची संधी, यांचा गोमंतकीय खेळाडूंना लाभ झाला. क्लबांच्या नावांत पोर्तुगीज शब्द अजून आहेत. परंतु लाभ होणे वेगळे आणि हेतू शुद्ध असणे वेगळे. इंग्रजांच्या आगगाडीविषयी हा भेद महाराष्ट्रात शाळकरी मुलालाही कळतो. वरोऱ्याच्या कोळशासाठी वर्ध्याहून लोहमार्ग टाकला गेला तो चांद्याच्या रयतेच्या सहलीसाठी नव्हता. गोव्याचा विषय आला की तोच भेद का विसरला जातो?

राजवटीच्या दाव्याचे सर्वांत नेमके उत्तर मैदानावरच मिळाले, तेही लवकर. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरवले. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसोझा याचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये तीन गोलांची हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. मूळचा गोमंतकीय, मुंबईच्या क्लबांत घडलेला. गोमंतकीय कोणाचा, हे ठरवायला पणजीत पाहुणे बोलावले जात होते, तेव्हा हा गोमंतकीय भारताचा गणवेश घालून खेळत होता.

मुक्तीनंतरचा इतिहास तर सरळच आहे. साळगावकर, धेंपो, सेझा हे संघ लोहखनिजाच्या व्यवसायातील घराण्यांनी आणि कंपन्यांनी पोसले. (खाणींच्या चंद्रपूर–गडचिरोली पट्ट्यातून असा एकही क्लब देशपातळीवर का आला नाही, हा स्वतंत्र लेखनाचा विषय आहे.) धेंपोने पाच वेळा राष्ट्रीय लीग जिंकली आणि २००८ मध्ये एएफसी चषकाची उपांत्य फेरी गाठली. २०२१ च्या एप्रिलमध्ये एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटफेरीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. फातोर्ड्यावर, महासाथीमुळे रिकाम्या गॅलऱ्यांसमोर, त्याने कतारचा अल रय्यान आणि अमिरातीचा अल वहदा यांना सलग दोन सामन्यांत गोलशून्य बरोबरीत रोखले. या पाहुण्यांना कोणत्याही राजवटीने बोलावले नव्हते. ते लीगमधील अव्वल स्थानाच्या बळावर घरी आले होते.

आणि तो १९५५ चा पाहुणा? २५ जून १९७५ रोजी मोझांबिक स्वतंत्र झाला, पुढच्या वर्षी लोरेन्सो मार्केसचे मापुतो झाले. रेल्वेवाल्यांच्या क्लबाने आपल्या नावात तेवढाच एक बदल केला. फेरोव्हियारियो दे मापुतो या नावाने तो आता आफ्रिकी चषकस्पर्धांत स्वतःच्या देशाकडून खेळतो.