शिक्षेवर सट्टा लागतो तेव्हा साक्षीदाराचे काय होते?

मोरगाव-सुप्याच्या जिरायती पट्ट्यात पावसावर पैज लागते, निवडणुकीवर तर लागतेच. २०२४ च्या जूनमध्ये बारामती लोकसभेत सुप्रिया सुळे दीड लाखावर मतांनी निवडून आल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बारामती विधानसभेत अजित पवार लाखाच्या फरकाने जिंकले. सहा महिन्यांत तालुक्याने दोन उलटे कौल दिले. टपरीवर छातीठोकपणे लीड सांगणारे दोन्ही वेळा तेच होते.

आता पैज मोबाईलवर आली आहे आणि तिचे विषय बदलले आहेत. परदेशातल्या एखाद्या नेत्यावर खटला चालू असतो. त्याला शिक्षा होईल का, तुरुंगात जाईल का, किती वर्षांसाठी जाईल, यावर पैसे लागतात. याला जुगार म्हणत नाहीत, 'प्रेडिक्शन मार्केट' म्हणतात. आपल्यातले शिकलेले, स्पर्धा परीक्षा करणारे तरुणही त्याला अभ्यासाचा खेळ समजतात, म्हणून यावर स्पष्ट बोलणे आम्हाला गरजेचे वाटते.

हा बाजार चालतो कसा? 'अमुक नेता तुरुंगात जाईल' असा प्रश्न ठेवला जातो. 'हो'चा भाव समजा तीस सेंट आहे. घटना घडली तर त्या तीस सेंटचा एक डॉलर होतो, नाही घडली तर शून्य. मग हाच तीसचा भाव 'तीस टक्के शक्यता' म्हणून बातम्यांत छापला जातो. पॉलीमार्केट आणि कॅल्शी ही यातली मोठी नावे. आपल्याकडे हाच धंदा 'ओपिनियन ट्रेडिंग' नावाने फोफावला होता. हा प्रकार आपल्या नियमनाखाली येत नाही, असा इशारा एप्रिल २०२५ मध्ये सेबीला द्यावा लागला. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. पण आडवाटेने परदेशी साइटवर जाणारे आहेतच.

मुंबईला परदेशातल्या आकड्याचे वेड नवे नाही. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते आणि बंद भाव टेलिप्रिंटरवर यायचे आणि त्यांवर आकडा लागायचा. १९६१ मध्ये ते भाव बंद झाले, तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून मटका सुरू झाला. गिरणी कामगाराचा पगार कुणाच्या खिशात गेला, हे गिरणगावातल्या बायकांना विचारायला हवे होते. तेव्हा निदान आकडा कापसाच्या भावावर होता. आज तो न्यायालयाच्या निकालावर आहे.

डोनाल्ड ट्रम्प यांचे उदाहरण घ्या. ३० मे २०२४ ला न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्यांना ३४ आरोपांत दोषी ठरवले. शिक्षेची तारीख जुलैवरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर अशी ढकलली गेली. ते तुरुंगात जातील का, यावर या काळात सट्टा चालू होता. १० जानेवारी २०२५ ला न्यायाधीशांनी दोष कायम ठेवला, पण तुरुंग नाही, दंड नाही, काहीच नाही. सट्टेवाल्यांचा हिशेब मिटला. गुन्हा सिद्ध होऊनही सत्तेच्या उंबरठ्यावरचा माणूस शिक्षेविना कसा सुटतो, हा प्रश्न मात्र तिथेच राहिला. बाजारात त्या प्रश्नाला रकाना नव्हता.

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. जानेवारी २०२६ च्या सुरुवातीला अमेरिकेने व्हेनेझुएलाचे निकोलस मादुरो यांना पकडून न्यूयॉर्कच्या न्यायालयापुढे उभे केले. त्याच्या थोडे आधी पॉलीमार्केटवर एका खात्याने मादुरो सत्तेतून जाणार यावर पैसे लावले आणि चार लाख डॉलरहून अधिक कमावले. तो नशीबवान होता की त्याला आतली बातमी होती, ही चर्चा जगभर झाली. आम्हाला त्यातून एवढेच दिसते की, अशा बाजारात सगळ्यात जास्त कमावण्याची सोय दरवाजाच्या आत बसलेल्यासाठी आहे. बाहेरच्या पोराचे पैसे त्याच्या खिशात जातात.

या बाजाराचे समर्थक म्हणतात की, पैसा लागला की माणूस खरे बोलतो, म्हणून हे भाव सर्वेक्षणांपेक्षा अचूक ठरतात. काही वेळा ठरतातही. पण पावसावर हजारो रुपये लावले तरी ढगाला त्याची खबर नसते. खटल्याचे तसे नाही. खटला साक्षीदारावर उभा असतो आणि साक्षीदाराला घर असते, रोजगार असतो, शेजारी असतात. त्याला फिरवता येते. ज्याला साक्षीदार फिरवता येतो, त्याला निकालाचा भाव आधीच माहीत असतो.

हे आपल्याला कुणी शिकवायला नको. एप्रिल २०१४ मध्ये नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात आपल्या सतरा वर्षांच्या मुलाचा खून झाला. साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या खटल्यावर असा बाजार असता तर कोण जिंकले असते, याचा विचार करा. गावावर ज्यांचा दाब होता, तेच जिंकले असते. मुलगा मारला गेला त्या घराचे दुःख आणि वर कुणाच्या तरी खात्यात नफा! साक्षीदार फोडण्याला आज दहशत आणि जातीचा माज पुरतो. त्याला उघड बाजारातल्या कमाईची जोड का द्यायची?

खैरलांजीकडेही बघा. २००६ च्या हत्याकांडात भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने ती पंचवीस वर्षांच्या जन्मठेपेत बदलली. 'फाशी की जन्मठेप' या प्रश्नावर सट्टा लागू शकला असता आणि निकालही लागला असता. पण दोन्ही न्यायालयांनी अत्याचार प्रतिबंधक कायदा लावलाच नाही. हा जातीचा गुन्हा आहे, हे निकालपत्रात लिहिलेच गेले नाही. आपली लढाई त्या वाक्यासाठी होती. शिक्षेच्या वर्षांचा आकडा मांडणाऱ्या बाजाराला ते वाक्य कधीच दिसणार नाही.

बाबासाहेबांना जुगाराचा प्रश्न गौण वाटला नव्हता. सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत काही सदस्यांनी सट्टा आणि जुगार ही नोंद राज्यांच्या यादीतून काढा, अशी मागणी केली. तिच्यामुळे जुगाराला मान्यता मिळेल, असे त्यांना वाटत होते. बाबासाहेबांनी समजावले की नोंद काढली तर राज्यांचे नियंत्रणच उरणार नाही. ती ठेवली तर त्याच अधिकाराने जुगारावर बंदीही घालता येईल. ती नोंद आज राज्य सूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. डोळे झाकल्याने जुगार नाहीसा होत नाही, त्याच्यावर सत्ता चालवावी लागते, हा त्यातला धडा आहे.

आणि तथागतांनी सिगालाला केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. संपत्ती नासवणाऱ्या सहा वाटांमध्ये जुगार आहे. त्याच्या दुष्परिणामांत एक असा सांगितला आहे की, जुगाऱ्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही. ज्या समाजाला उद्या कोर्टात साक्ष द्यायला उभे राहायचे आहे, त्याने हे विसरून चालेल का?

अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जानेवारी २०१६ पासून कलम १५-अ लागू आहे. पीडिताला, त्याच्या वारसांना प्रत्येक कामकाजाची सूचना मिळण्याचा हक्क आहे. आरोपीच्या जामिनावर, दोषसिद्धीवर आणि शिक्षेवरही आपले म्हणणे मांडण्याचा हक्क आहे. साक्षीदाराला संरक्षण आणि प्रवासभत्ता मिळायला हवा. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता समितीने दर तीन महिन्यांनी बैठक घेऊन हे तपासायचे आहे. किती वस्त्यांना हे माहीत आहे?

म्हणून मोरगाव, सुपे, बारामती, इंदापूरच्या तरुणांना आमचे सांगणे आहे. परदेशातल्या नेत्याला किती वर्षे होणार, याचा भाव बघण्यात रात्र घालवू नका. आपल्या तालुक्यात अत्याचाराचे किती खटले चालू आहेत, त्यांची यादी करा. पुढची तारीख लिहून ठेवा. त्या दिवशी पीडित कुटुंबासोबत कोर्टात पाच-सहा जण बसा. साक्षीदार एकटा एसटीने जात असेल तर त्याच्यासोबत जा. दक्षता समितीची शेवटची बैठक कधी झाली, हे माहिती अधिकारात विचारा. निकाल काय लागेल, हे सांगणारे खूप भेटतील. साक्षीदार टिकला पाहिजे म्हणून त्याच्या शेजारी बसणारे कमी आहेत आणि ते काम आपले आहे.

जय भीम!