चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण म्हणतो ते काही कौतुकाने नव्हे. ज्याला ठाव नाही, ठिकाणा नाही, अशा माणसाविषयीची किंचित कीव त्या शब्दांत असते. त्यामुळे शिकागोच्या उपनगरात चार दशकांहून अधिक काळ स्थिरावलेल्या एका परिचित मराठी दाम्पत्याने २०२४ च्या उन्हाळ्यात राहत्या घराला कुलूप घातले, पंचवीस फुटी मोटारघर भाड्याने घेतले आणि सहा आठवड्यांसाठी राष्ट्रीय उद्यानांची वाट धरली, तेव्हा त्यांच्या पुण्यातील आप्तांत कुजबुज झाली. गृहस्थ बहात्तर वर्षांचे, निवृत्त अभियंता. पत्नी एकोणसत्तरच्या, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. मुलगा आणि सून दोन तासांच्या अंतरावर राहतात, नातवंडे आहेत. मग या वयात ही वणवण कशासाठी, असा एकंदर सूर होता. अमेरिकेतील म्हातारपण म्हणजे एकटेपण, आणि एकटेपणावरचा उतारा म्हणजे भटकंती, असे एक समीकरण आपल्या मध्यमवर्गाने फार पूर्वीच मांडून ठेवलेले आहे. ते तपासून पाहावे असे मात्र कोणाला वाटत नाही.

प्रथम हे वाहन काय असते ते पाहू. तिकडे त्याला आरव्ही म्हणतात. ट्रकच्या सांगाड्यावर बांधलेली एक खोली. तीत पलंग, ओटा, फ्रिज, न्हाणीघर आणि शौचालय. पोटाखाली तीन टाक्या: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी भांडी व अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी मैल्याची. ही उद्यानांच्या तळांवर मुक्काम करतात. काही तळांवर वीज, पाणी आणि मैला यांच्या जोडण्या मिळतात, बऱ्याच तळांवर यांपैकी काहीच नसते. मग पाणी जपून वापरायचे, अंघोळ दोन-तीन मिनिटांत उरकायची आणि दर तीन-चार दिवसांनी टाक्या रिकाम्या करायला ठरलेल्या जागी जायचे. इंधनाच्या बाबतीत हे वाहन बकासुराचे सख्खे भावंड. लिटरमागे साडेतीन-चार किलोमीटर गेले तरी भाग्य समजायचे.

वानप्रस्थाश्रमाशी याची तुलना करण्याचा मोह आपल्याला होईल. माझ्या मते तो आवरावा. वानप्रस्थात मागे काय सोडले याला महत्त्व आहे. येथे तर फ्रिजसकट संसार सोबत असतो. परंतु त्या पंचवीस फुटांत एक गोष्ट घडते आणि तिच्याविषयी आपण विचार करायला हवा. आपल्याकडे पुरुष निवृत्त होतो, त्याच्या पत्नीच्या स्वयंपाकघराला मात्र निवृत्तीचे वय नसते. उलट नवरा दिवसभर घरी बसू लागला की चहाच्या फेऱ्या वाढतात. मोटारघरात हे चालत नाही. बाहेर वाहन मागे घेताना एकाने उतरून इशारे करावेच लागतात, जोडण्या दोघांनी तपासाव्या लागतात, नकाशा एकाने पाहायचा तर चाक दुसऱ्याने धरायचे. या गृहस्थांनी आयुष्यात कधी स्वतःचे ताट उचलून ठेवले असेल की नाही, याविषयी त्यांच्या पत्नीच शंका घेतात. पण साउथ डाकोटातील पहिल्याच तळावर रबरी हातमोजे चढवून, मैल्याची जाड नळी टाकीला जोडून, गुडघ्यांवर बसून ती रिकामी करण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. ‘‘पहिल्या दिवशी जेवण गेले नाही,’’ असे ते मोकळेपणाने सांगतात, ‘‘तिसऱ्या दिवसापासून काही वाटेना.’’ आणि मिसुरी नदी ओलांडल्यावर गवताळ माळ सुरू झाला, तेव्हा चाक त्यांच्या पत्नीच्या हातात होते. एवढे मोठे वाहन त्या प्रथमच चालवीत होत्या. मुलगा लहान असताना त्याला शाळेत सोडण्यापलीकडे त्यांनी फारसे लांब वाहन नेलेच नव्हते.

शिकागोहून बॅडलँड्स हे सुमारे चौदाशे किलोमीटरचे अंतर त्यांनी तीन दिवसांत, दमाने कापले. तेथून ते वायोमिंगमधील ‘डेव्हिल्स टॉवर’ला गेले. १९०६ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी घोषित केलेले हे अमेरिकेचे पहिले राष्ट्रीय स्मारक. पायथ्यापासून २६० मीटरहून उंच, उभ्या खाचांचा एकसंध पाषाण. लाकोटा लोक त्याला अस्वलाचे निवासस्थान म्हणतात आणि त्यांच्यासह अनेक जमातींना ते पूज्य आहे. १८७५ च्या एका लष्करी मोहिमेने त्याला सैतानाचा मनोरा करून टाकले. ज्या ठिकाणी लोक हात जोडतात त्याला सैतानाचे नाव! नाव बदलावे अशी मागणी त्या जमातींनी अनेकदा केली, ते अद्याप बदललेले नाही. मात्र दरवर्षी जून महिन्यात, त्यांच्या विधींचा मान राखून गिर्यारोहकांनी या पाषाणावर चढू नये, असे आवाहन उद्यान सेवा १९९० च्या दशकाच्या मध्यापासून करीत आली आहे. सक्ती नाही, केवळ विनंती. पायवाटेवरील झाडांना प्रार्थनेची रंगीत वस्त्रे बांधलेली असतात. त्यांना हात लावू नका, अशी सूचना असते. हे दाम्पत्य जूनमध्येच तेथे होते. ‘‘कोणी सांगितले नव्हते, तरी आम्ही पायवाटेवर हळू आवाजात बोलत होतो,’’ असे त्या बाई म्हणाल्या. मला त्यात नवल वाटले नाही.

यलोस्टोनविषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात. १ मार्च १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्या सहीने ते अस्तित्वात आले. जगातील पहिले राष्ट्रीय उद्यान म्हणून ते ओळखले जाते. विस्तार जवळपास नऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याहून थोडा मोठा. जगातील उष्णोदकाच्या कारंज्यांपैकी निम्मी येथे आहेत. स्थापनेनंतर काही वर्षांतच येथल्या डोंगरांत पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या तुकुडिका लोकांना बाहेर हलविण्यात आले, हा त्या इतिहासाचा काळा भाग पर्यटकांच्या पत्रकात लहान अक्षरांत असतो. दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. १९०२ मध्ये येथे जेमतेम दोन डझन गवे उरले होते, आज ते पाच हजारांच्या आसपास आहेत. रस्त्यावर कळप उतरला की तासतासभर वाहने थांबून राहतात आणि कोणी भोंगा वाजवीत नाही. गव्यापासून तेवीस मीटर आणि अस्वल-लांडग्यांपासून एक्क्याण्णव मीटर दूर राहा, असा नियम आहे. तेथील ‘फिशिंग ब्रिज’ या तळावर तर तंबूला परवानगीच नाही. अस्वलांचा वावर इतका, की टणक भिंतींचे वाहन असेल तरच मुक्काम करता येतो. हे दोघे तेथे चार रात्री राहिले. ज्या ‘बिस्किट बेसिन’च्या लाकडी फळ्यांवर त्यांनी छायाचित्र काढून घेतले, तेथेच तीन-चार आठवड्यांनी, २३ जुलै रोजी, जमिनीखालील वाफेचा स्फोट होऊन दगडांचा वर्षाव झाला. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. बातमी पाहून मुलाने फोनवर ‘‘आता पुरे’’ असे बजावले. तोवर हे दोघे घरी परतले होते, ही गोष्ट वेगळी.

खर्चाचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेल. वाहनाचे भाडे आणि इंधन जड जाते, यात शंका नाही. परंतु उद्यानांची दारे त्यांना जवळजवळ फुकट उघडी आहेत. बासष्ट वर्षांवरील नागरिकाला वा कायम रहिवाशाला ऐंशी डॉलरमध्ये आजीवन प्रवेशपत्र मिळते; २०१७ च्या ऑगस्टपर्यंत ते अवघ्या दहा डॉलरला मिळत असे. अनेक तळांवर मुक्कामाचे शुल्कही निम्मे होते. (मुलांकडे जाणाऱ्या आपल्या आई-वडिलांना मात्र हे पत्र मिळत नाही, उलट वार्षिक पास नसलेल्या परदेशी पर्यटकांना जानेवारी २०२६ पासून यलोस्टोन, ग्लेशिअर यांसह अकरा उद्यानांत माणशी शंभर डॉलर अधिक मोजावे लागतात, हे जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.) वृद्धांनी घरात बसू नये, देश पाहावा, असे राज्यसंस्थेला वाटणे आणि त्यासाठी तिने कायदा करणे, ही गोष्ट मला मोठी वाटते.

या लोभसवाण्या चित्रात एक विसंगती आहे आणि ती या दाम्पत्याच्याही लक्षात आली होती. माँटानातील ‘ग्लेशिअर’ उद्यानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दीडशेच्या आसपास हिमनद्या होत्या. २०१५ च्या मोजणीत त्या सव्वीस भरल्या. त्या वितळताना पाहण्यासाठी लिटरला चार किलोमीटर धावणारे धूड घेऊन जायचे, यातील विनोद कडू आहे. निसर्गानेच जणू शिक्षा म्हणून तेथील घाटरस्ता अरुंद ठेवला आहे. ‘गोइंग-टू-द-सन’ या १९३३ साली लोकार्पण झालेल्या रस्त्यावर, मधल्या टप्प्यात, एकवीस फुटांहून लांब वाहनाला मज्जाव आहे. या दोघांनी आपले बिऱ्हाड खाली तळावर ठेवले आणि उद्यानाच्या विनामूल्य बसने ते लोगन खिंडीत गेले. परतल्यावर गृहस्थांनी कबूल केले की सबंध प्रवासातील सर्वांत सुखाचा दिवस तोच, कारण त्या दिवशी काहीच हाकायचे नव्हते.

आता मुख्य मुद्दा. या तळांवर त्यांना जी माणसे भेटली त्यांपैकी बरीचशी सत्तरीतली होती, आणि त्यांतली काही पर्यटक नव्हतीच. तिकडे ‘कॅम्प होस्ट’ नावाची व्यवस्था आहे. निवृत्त जोडपी आपले मोटारघर घेऊन सबंध उन्हाळा एका तळावर राहतात. मुक्कामाची जागा आणि जोडण्या विनामूल्य मिळतात. त्या बदल्यात आठवड्याचे वीस-तीस तास आलेल्यांची नोंद ठेवायची, शेकोटीच्या जागा साफ करायच्या, अन्न उघड्यावर ठेवू नका असे दिवसातून पन्नास वेळा सांगायचे, प्रसंगी प्रसाधनगृहे धुवायची. निवृत्त प्राचार्य, परिचारिका, पोस्टमन असे सगळे त्यात असतात. उद्यान सेवेकडे दरवर्षी लाखाहून अधिक स्वयंसेवक काम करतात. म्हाताऱ्यांच्या हाताला आणि अधिकारवाणीला एकाच वेळी काम देणारी अशी व्यवस्था क्वचितच पाहायला मिळते.

पण स्वयंसेवक म्हणजे पगारी माणसाला पर्याय नव्हे. फेब्रुवारी २०२५ मध्ये उद्यान सेवेतील सुमारे एक हजार नव्या कर्मचाऱ्यांना एका फटक्यात काढून टाकण्यात आले. न्यायालयीन आदेशानंतर अनेकांना परत बोलावले गेले, तरी त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सरकारी कामकाजच त्रेचाळीस दिवस ठप्प होते. अशा वेळी पहिला बळी प्रसाधनगृहे, माहिती केंद्रे आणि पायवाटांची डागडुजी यांचा जातो. म्हणजे तरुण गिर्यारोहकाचे फारसे अडत नाही, गुडघे दुखणाऱ्या माणसाचे अडते.

आणि सगळेच पांढऱ्या केसांचे प्रवासी हौसेने फिरत नसतात. २००८ च्या मंदीत घर आणि पुंजी गमावलेल्या अनेक वृद्धांनी जुनी व्हॅन हेच घर केले. जेसिका ब्रूडर यांचे २०१७ चे ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे. त्यावरील चित्रपटाला २०२१ मध्ये ऑस्कर मिळाले. उन्हाळ्यात तळांची राखण, शरदात शर्कराकंदाची काढणी, नाताळपूर्वी गोदामात वस्तूंची बांधाबांध असे त्यांचे ऋतुचक्र. अशा फिरत्या वृद्ध मजुरांसाठी अमेझॉनने ‘कॅम्परफोर्स’ नावाची स्वतंत्र योजनाच चालविली होती. एकाच तळावर, शेजारी शेजारी, एक जोडपे सुटी भोगीत असते आणि दुसरे दिवस ढकलीत असते. बाहेरून दोन्ही वाहने सारखीच दिसतात. आमच्या परिचित बाईंनी बॅडलँड्समध्ये एका एकट्या वृद्धेला दोन दिवस पोळी-भाजी दिली. तिचे घर कोठे, असे विचारल्यावर तिने गाडीकडे बोट दाखविले. बाईंना वाटले, ती विनोद करते आहे.

तेव्हा ‘अमेरिकेतील म्हातारे बिचारे’ हेही खरे नाही आणि ‘मजा आहे बुवा त्यांची’ हेही नाही. कोणाच्या हाती निवड आहे आणि कोणाच्या नाही, एवढाच तो भेद आहे. आपल्याकडेही निवृत्तिवेतन बरे असलेली हजारो जोडपी आज आहेत. त्यांचा उन्हाळा कोणाच्या मालकीचा असतो? तिकडे मुलगा राहतो म्हणून ती सहा महिन्यांच्या व्हिसावर जातात, नातवंडे सांभाळतात, शनिवार-रविवारी मुलाला सवड झाली तर नायगारा पाहतात आणि परत येतात. नातवंडांचा सहवास हे सुख आहे, ते नाकारण्याचे कारण नाही. पण सहा महिन्यांतले सहा आठवडेसुद्धा आपले म्हणून मागून घ्यावेत, असे त्यांना वाटत नाही, आणि मुलांना ते सुचत नाही.

किल्ली खाली ठेवण्याचा दिवस येतोच. दृष्टी मंदावते, प्रतिक्षिप्तता जाते. टेक्सासमधील लिव्हिंग्स्टन येथे मोटारघरवाल्यांच्या एका जुन्या संघटनेने त्यासाठी एक केंद्र उभारले. ज्यांना वाहन चालवणे जमत नाही, त्यांनी तेथे आपापल्या मोटारघरातच राहायचे. जेवण मिळते, डॉक्टरांकडे न्यायला माणूस मिळतो, बिऱ्हाड मात्र आपलेच. आमच्या या गृहस्थांनी ते नाव वहीत लिहून ठेवले आहे. तूर्त दोघांनी गेल्या हिवाळ्यात एका उद्यानाकडे कॅम्प होस्ट होण्यासाठी अर्ज पाठविला. त्यात चालकाचा परवाना जोडायचा होता, तो या वेळी बाईंचा जोडला. मुलाला अजून सांगितलेले नाही.