पोहरादेवीच्या पंचक्रोशीत अशी एक शाळा हवी

मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, वाशिम यांस



आपल्या साखऱ्याच्या विद्यानिकेतनाने 2024 मध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक पटकावला, तेव्हा सगळ्या जिल्ह्याची मान उंचावली. त्याच भरवशावर ही मागणी करतो आहे. मानोरा तालुक्यातल्या, पोहरादेवीजवळच्या चालू शाळांपैकीच एखादी शाळा घ्या. तिथे तांड्यावरची, गावातली आणि उर्दू बोलणारी मुलं एका वर्गात बसू द्या, आणि त्यांना हातच्या कामातून, कलेतून शिकू द्या.

बंजारा बाईच्या कांचळीवरचा, म्हणजे चोळीवरचा, भरतकामाचा एक चौकोन आलेखाच्या कागदावर उतरवून पाहा. टाके मोजावे लागतात, आरसा नेमका मध्ये बसवावा लागतो, डावी बाजू उजवीशी जुळावी लागते. सममिती आणि अपूर्णांक आणखी कुठे शोधायचे? तसंच गावच्या विहिरीचं. गाठी मारलेला दोर सोडून पोळ्यापासून होळीपर्यंत दर आठवड्याला पाण्याची पातळी मोजायची, भिंतीवर गेरूने आलेख काढायचा, पाणी कधी आणि का उतरलं ते म्हाताऱ्यांना विचारायचं आणि ते गोरमाटी या बंजारा बोलीत, उर्दूत, मराठीत लिहून काढायचं. गणित, भूगोल, भाषा, चित्र असं सगळं त्या एका विहिरीत आहे. आणि तांड्यावरच्या पोराला त्यात आपल्या घरच्या बोलीची लाज वाटायचं कारण उरत नाही.

हे परक्या मुलखातलं खूळ नव्हे. 1937 साली वर्ध्यात गांधीजींनी नई तालीमचा, म्हणजे हातच्या कामातून शिकण्याचा, विचार मांडला. शांतिनिकेतनात शिकलेले देवीप्रसाद 1944 पासून सेवाग्रामच्या मुलांना कला शिकवत होते. तिथली आनंद निकेतन ही शाळा 2005 मध्ये पुन्हा उभी राहिली आणि आजही मराठीतून, शेती-सूत-स्वयंपाकाच्या आधाराने शिकवते. वर्धा आपल्यापासून काही लांब नाही. शिक्षकांना तिथे आठवडाभर राहायला पाठवा.

शिवाय हा जिल्हा कलेला पारखा कधीच नव्हता. वाशिम म्हणजे वाकाटक राजांची राजधानी वत्सगुल्म. इथल्या शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवून घेतलं. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

5 ऑक्टोबर 2024 रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं, त्याचा आनंदच आहे. पण तसं भरतकाम करणारे, नंगारा वाजवणारे, होळीची लेंगी गाणी म्हणणारे हात आणि गळे अजून तांड्यांत आहेत. त्यांना वर्गात बोलवा आणि रीतसर मानधन द्या. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील, तर कला आणि कार्यानुभवासाठी अंशकालीन निदेशक नेमावा, असं 2009 चा शिक्षण हक्क कायदाच सांगतो. त्या जागेवर पदवीपेक्षा हातातली कला पाहता येईल का, याचा प्रस्ताव शासनाकडे पाठवा.

एक गोष्ट मात्र विसरू नका. दिवाळीच्या आगेमागे आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरंही गाडीत बसतात आणि वर्ग अर्धा होतो. म्हणून या शाळेला हंगामी वसतिगृह पहिल्या वर्षापासूनच जोडलेलं हवं. ते नसेल, तर बाकी सगळं कागदावरच राहील.

शाळा कोणती आणि शिक्षक कोण, एवढं उन्हाळ्याच्या सुट्टीत ठरलं तर पुढच्या सत्रापासून सुरुवात होऊ शकते. शिकवायला यायला आमच्या तांड्यातल्या बाया तयार आहेत. मी विचारून ठेवलंय.

आपला नम्र,
मानोरा तालुक्यातला एक पालक