बॅक कॉम्प्रेशन : इंजिन खोलण्याआधी

गेल्या महिन्यात जव्हारच्या बाजारात एका जुन्या ओळखीच्या भाईंनी आम्हाला थांबवलं. त्यांची डिझेल जीप जव्हार-मोखाडा रस्त्यावर सवाऱ्या भरते. गाडी मुलगा चालवतो आणि घर त्या गाडीवर चालतं. भाई म्हणाले, "जनाब, ऑइलचं झाकण काढलं की आतून वारा मारतो. मिस्त्री म्हणतो बॅक कॉम्प्रेशन आहे, हाफ इंजिन करावं लागेल. मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी ठेवलेले पैसे त्यात जातील. आमचे साडू म्हणतात, जाड ऑइल टाका आणि गाडी काढून टाका. तुम्ही काय म्हणता?"

आम्ही म्हटलं, आधी गाडी पाहू.

हा प्रश्न एकट्या भाईंचा नाही. आपल्या कितीतरी घरांत दहा-पंधरा वर्षांची गाडी आहे आणि कमाई तिच्यावरच आहे. म्हणून या वेळी हाच विषय.

सिलिंडरमध्ये इंधन जळतं तेव्हा तयार होणारा वायू पिस्टनला खाली ढकलतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा तो वायू वरच अडवतात. तरी नव्या इंजिनातही थोडा वायू रिंगांच्या बाजूने निसटून खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतो. तो बाहेर जावा म्हणून ब्रिदरची नळी असते. पूर्वी ही नळी रस्त्याकडे उघडी सोडलेली असे. त्यातून होणारं प्रदूषण थांबवण्यासाठी १९६१ पासून अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात हा वायू पुन्हा इंजिनात ओढून जाळायची व्यवस्था नव्या गाड्यांत आली आणि पुढे ती सगळीकडे गेली. रिंगा किंवा बोअर झिजले की निसटणारा वायू वाढतो. त्यालाच आपले मिस्त्री बॅक कॉम्प्रेशन म्हणतात.

लक्षणं अशी : ऑइलची पट्टी आपोआप वर येते, सीलमधून ऑइल पाझरतं, एअर फिल्टरच्या डब्यात ऑइल साचतं, सायलेन्सरमधून निळसर धूर येतो, चढावर पिकअप मिळत नाही. मात्र यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे रिंगा गेल्याच, असं नाही. तपासणी सोप्याकडून अवघडाकडे न्यावी.

पहिली गोष्ट, ऑइलची पातळी. खुणेच्या वर भरलेलं ऑइल फेसाळतं आणि ब्रिदरमधून बाहेर येतं.

दुसरी, ब्रिदरची नळी. ती काढून फुंकून पाहा. आत काळा चिकट गाळ बसला असेल तर वायूला वाट राहत नाही आणि चांगलं इंजिनही झाकणातून फसफसतं. पेट्रोल गाडीत या वाटेवर बहुधा पीसीव्ही व्हॉल्व्ह असतो. तो अडकला तरी हेच होतं. गाळ साफ करणं किंवा व्हॉल्व्ह बदलणं हे फार तर तासाभराचं काम आहे.

तिसरी, झाकणाची परीक्षा. इंजिन गरम झाल्यावर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून चालू ठेवा. ऑइलचं झाकण काढून तोंडावर उलटं ठेवा. ते थोडं थरथरलं तर काळजी नको. उडून पडलं किंवा धुराचे झोत भकभक येत राहिले तर पुढची तपासणी हवी. हे करताना ओढणी, सैल बाही आणि मुलं पंख्याच्या पट्ट्यापासून लांब ठेवा. गरम ऑइलचे थेंब उडतात, म्हणून तोंड जवळ नेऊ नका.

भाईंच्या जीपचं झाकण उडालं. पण आम्हाला एक गोष्ट खटकली. वारा जोराचा होता, धूर मात्र अगदी कमी. ऑइलही फारसं कमी होत नव्हतं. रिंगा झिजल्या असत्या तर वाऱ्याबरोबर धूरही आला असता.

अशा बऱ्याच डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या पाठीमागे एक छोटा व्हॅक्यूम पंप असतो. ब्रेकचा पेडल हलका लागावा म्हणून तो बूस्टरमधली हवा ओढतो आणि ऑइलबरोबर इंजिनात सोडतो. बूस्टर किंवा त्याची नळी फुटकी असेल तर पंप बाहेरची हवा सतत ओढत राहतो आणि ती ऑइलच्या चेंबरमध्ये भरते. दिसायला ते हुबेहूब बॅक कॉम्प्रेशन. गाडी उभीच ठेवून, चाकांना दगड लावून, मिस्त्रीने ती नळी पंपाजवळ बंद केली. झाकणाचा वारा तिथेच बसला. नळी काढून पाहिली तर खालच्या बाजूने चिरली होती.

आम्ही मुलाला विचारलं, "ब्रेक जड लागत होता का?" तो म्हणाला, "हो चाचा, दोन महिने झाले. वाटलं, गाडी जुनी झाली." मोखाडा-त्र्यंबकेश्वर रस्त्यावरच्या तोरंगण घाटात गाडी माणसांनी भरलेली असते. कधी त्यात नाशिकच्या दवाखान्यात निघालेला पेशंट असतो. इंजिनवर सगळी रक्कम घालवली असती आणि ती नळी तशीच राहिली असती, तर काय झालं असतं याचा विचार आम्ही त्या ओट्यावर बसून बराच वेळ करत राहिलो.

प्रत्येक गाडीत दोष इतका स्वस्त निघेल असं नाही. वरच्या गोष्टी ठीक असतील तर कॉम्प्रेशन मोजून घ्यावं. एका सिलिंडरचं दुसऱ्यापेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक कमी असेल तर दोष तिथे शोधावा. पेट्रोल इंजिनात त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा चांगला वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं पॅकिंग पाहावं. डिझेलमध्ये दाब फार मोठा असल्याने गेज वेगळा लागतो आणि ऑइल टाकायची रीत तिथे वापरू नये. त्याऐवजी पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये कॉम्प्रेसरची हवा सोडावी आणि कान लावावा. हवा ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, एअर फिल्टरकडून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर पॅकिंग. टर्बोच्या गाडीत टर्बोचं सीलही तपासावं. एवढं करून रिंगाच निघाल्या, तर हाफ इंजिनला पर्याय नाही.

दोन उपाय मात्र कधीच करू नयेत. ब्रिदरचं तोंड बुजवलं तर आतला दाब सील फोडतो. आणि डिझेल गाडीत ब्रिदरमधून भरपूर ऑइल एअर फिल्टरकडे जात असेल तर गाडी तशीच दामटू नये. इंजिन स्वतःचं ऑइल पिऊन आपोआप रेस होऊ शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. तशी वेळ आलीच तर ब्रेक घट्ट दाबून, वरचा गिअर टाकून क्लच सोडावा, म्हणजे इंजिन बंद पडतं.

आता साडूंच्या सल्ल्याबद्दल. जाड ऑइल टाकलं की काही दिवस धूर आणि वारा कमी दिसतो. गाडी विकणारे हे जाणतात. पैगंबर मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या ढिगात हात घालतात, आत ओल लागते, आणि ती ओल वर का ठेवली नाही असं विक्रेत्याला विचारतात, ही हदीस आपल्या घरात लहानपणी सांगितली जाते. जाड ऑइल म्हणजे त्या ढिगावरचं कोरडं धान्यच. गाडी जरूर विकावी, पण दोष सांगून आणि भाव त्याप्रमाणे लावून. घेणाराही कुणाच्या तरी मुलीच्या फीचे पैसे घेऊन आलेला असतो.

भाईंनी नळी आणि तिच्या क्लिपा नव्या टाकल्या. ब्रेक हलका झाला, जीप पुन्हा मोखाड्याला जाते. घरी जुनी डिझेल गाडी असेल तर या जुम्याला ऑइलच्या झाकणाबरोबर ती ब्रेकची नळीही हाताने चाचपून पाहा. अल्लाह घाटातल्या प्रत्येक मुसाफिराला सुखरूप घरी पोचवो. आमीन.