छंदाचा माल आणि संग्रहाची गोडी

पोस्टाचीं तिकिटें जमविण्याचा छंद ज्यांनीं लहानपणीं केला असेल, त्यांस त्यांतील आनंद निराळा समजावून सांगावयास नको. एकत्र कुटुंबांत नैरोबीच्या काकांचें पत्र आलें कीं, वडील मंडळींचें लक्ष मजकुराकडे आणि मुलांचें पाकिटाकडे असावयाचें. तिकीट कोणीं घ्यावें याचा निवाडा बहुधा आजोबांपुढें जाई. मग पाकिटाचा तेवढा तुकडा पाण्यांत भिजत घालावयाचा, गोंद सुटला कीं तिकीट अलगद उचलून टीपकागदावर वाळवावयाचें, आणि दोनदां आलेलें तिकीट शेजारच्या मुलाशीं बदलावयाचें. वहींतील एखादी चौकट वर्षानुवर्षें रिकामी राही. पण सारी ओढ त्या रिकाम्या चौकटीचीच असे.

ही आठवण काढण्याचें कारण असें कीं, अलीकडे अनेक सुशिक्षित घरांतील तरुण मुलगे व मुली आपल्या छंदांतून थोडासा माल तयार करून विकूं लागलीं आहेत. कोणी हातानें बांधलेल्या वह्या करतात, कोणी शाई, कोणी किल्ल्यांच्या चित्रांचे संच. पन्नास किंवा शंभर नग काढावयाचे आणि ‘पुन्हा निघणार नाहींत’ असें जाहीर करावयाचें, अशी यांतील पुष्कळांची रीत आहे. हा उद्योग कीं पोरखेळ, असें घरांतील वडील विचारतात. आमच्या मतें विचारावयाचें तें निराळेंच : नग थोडे आहेत ते कां थोडे आहेत?

थोडेपणा दोन प्रकारचा असतो. एक ओघानें येणारा. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनीं १८५२ सालीं अर्ध्या आण्याचीं ‘सिंध डाक’ तिकिटें काढलीं. त्यांतील तांबडें तिकीट लाखेसारख्या ठिसूळ चकतीवर उठविलेलें असल्यामुळें सहज तडके; पुढें १८५४ सालीं सर्व हिंदुस्थानासाठीं तिकिटें निघतांच हीं बंद पडलीं. आपल्या भोर संस्थानानें १८७९ सालीं काढलेलीं तिकिटें तर हातानें ठसा मारून उमटविलेलीं होतीं. हीं तिकिटें दुर्मिळ व्हावींत म्हणून कोणीं काढलीं नव्हतीं. पत्रें जावींत म्हणून काढलीं होतीं. त्यांची संख्या काळानें घटविली.

दुसरा थोडेपणा नुसता सांगण्यापुरता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस न्यूयॉर्कच्या सीबेक नांवाच्या व्यापाऱ्यानें निकाराग्वा, होंडुरास, एल साल्वाडोर व इक्वेडोर या देशांशीं करार केले. दरवर्षीं नवीं तिकिटें त्यानें फुकट छापून द्यावयाचीं. मोबदल्यांत शिल्लक राहिलेलीं त्यानें घ्यावयाचीं, आणि जुन्या ठशांवरून पुन्हा छापून संग्राहकांस विकण्याची मुभाही त्यालाच. परिणाम असा झाला कीं, मूळचें तिकीट कोणतें आणि मागाहून छापलेलें कोणतें हें ओळखणें जड होऊन बसलें. अशा प्रकारच्या सट्ट्याच्या तिकिटांना आळा घालण्यासाठीं १८९५ सालीं लंडनमध्यें संग्राहकांची एक संस्थाच स्थापन झाली. सीबेकचीं बहुतेक तिकिटें आजही कवडीमोलानें मिळतात.

यावरून आमच्या तरुण मित्रांस व भगिनींस दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली, संख्या खरी सांगावी. पन्नास म्हटलें कीं पन्नासच. प्रत्येक नगावर अनुक्रमांक घालावा, आणि मागणी आली म्हणून गुपचूप एक्कावन्नावा काढूं नये. दुसरा छाप काढावयाचाच असेल, तर त्यावर ‘दुसरा छाप’ असें स्पष्ट लिहावें. दुसरी गोष्ट, मुलांच्या उत्सुकतेचा बाजार मांडूं नये. आंत कोणतें चित्र आहे हें न सांगतां बंद पाकीट विकावयाचें आणि एखादें चित्र मुद्दाम विरळ ठेवावयाचें, ही युक्ति हल्लीं खेळण्यांच्या बाजारांत फार चालते. नैरोबीच्या पाकिटावर कोणतें तिकीट येईल हें मुलांस आधीं ठाऊक नसे, हें खरें. परंतु तेथें काका पत्र लिहीत होते, मुलांच्या खिशांत हात घालीत नव्हते.

वडील मंडळींकडेही आमचें एक मागणें आहे. समजा, किल्ल्यांच्या चित्रांचे पन्नास संच काढण्यास सहा हजार रुपये लागले आणि एका संचाची किंमत दोनशें ठेवली. तीस संच खपले म्हणजे खर्च निघाला. मेहनतीचा मोबदला काय तो उरलेल्या विसांत. अशा वेळीं आत्या, मामा, काका यांनीं ‘आम्हांला एकेक दे हो’ म्हणून दहा संच फुकट नेले, तर पोरांच्या हातीं राहिलें काय? घरच्यांनीं आशीर्वाद द्यावाच, पण किंमतही मोजावी. आणि वस्तु आवडली नाहीं तर तसें सांगून ती न घेण्याचा मोकळेपणाही ठेवावा. भिडेखातर झालेल्या विक्रीनें कारागिराला आपल्या मालाची खरी पारख कधींच कळत नाहीं.

पहिल्या पन्नास संचांचा हिशेब असा चोख जुळला, तर पुढील वर्षीं नवीं चित्रें खुशाल काढावींत. न जुळला, तर उरलेले संच सुटे करून घरांतील भाचेपुतण्यांत वांटावे. मात्र प्रत्येकाच्या वांट्यास कांहीं चित्रें दुहेरी येतील आणि कांहीं येणारच नाहींत, असे वांटावे. अदलाबदल कशी करावयाची, तें त्यांना शिकवावें लागणार नाहीं.