गावातल्या तीन पोरी, जगातला मोठा मंच अन् पहिल्या अल्बमला लागलेली ९ वर्षं

इंडोनेशियातल्या पश्चिम जावा प्रांतात गारुत नावाचा जिल्हा आहे. डोंगराळ, भातशेतीचा भाग. तिथल्या सिंगाजाया गावच्या तीन मुलींच्या 'व्हॉइस ऑफ बाचेप्रोत' या मेटल बँडचा पहिला अल्बम 'रेतास' जुलै २०२३ मध्ये आला. पुढच्याच वर्षी, जून २०२४ मध्ये, इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात त्या वाजवून आल्या. या महोत्सवात वाजवणारा इंडोनेशियाचा हा पहिलाच बँड.

बातमी एवढीच असती तर "चला, पोरींनी नाव काढलं" म्हणून सोडून देता आली असती. पण यामागं बरंच काही आहे.

सुरुवात शाळेतून

मार्स्या गाते आणि गिटार वाजवते, विदी बेस गिटारवर असते, सिती ड्रम बडवते. तिघी डोक्याला हिजाब बांधूनच मंचावर जातात. २०१४ मध्ये शाळेत असताना एका शिक्षकामुळं त्यांना हे संगीत कळलं. त्यांच्या लॅपटॉपवर परदेशी बँडची गाणी ऐकली अन् वेड लागलं. 'बाचेप्रोत' हा तिथल्या सुंदानी बोलीतला शब्द, अर्थ बडबड किंवा गोंगाट. लोक नावं ठेवायच्या आधीच पोरींनी स्वतःला नाव ठेवून घेतलं!

मेटल म्हणजे नेमकं काय?

कर्कश गिटार, अंगावर येणारे ड्रम, ओरडून गाणं. याचं आणखी जहाल रूप म्हणजे एक्स्ट्रीम मेटल. त्यात घशातून घोगरा आवाज काढतात, शब्द पटकन कळतही नाहीत. गारुतपासून जवळच्या बांडुंग शहरात असे बँड कित्येक वर्षांपासून आहेत. देशाचे माजी राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो हेसुद्धा या संगीताचे उघड चाहते. २०१३ मध्ये ते जकार्ताचे गव्हर्नर असताना मेटॅलिका बँडच्या वादकाची बेस गिटार त्यांना भेट आली होती. ती त्यांनी भ्रष्टाचारविरोधी आयोगाकडं जमा केली.

म्हणजे या देशाला मेटल नवं नाही. मग या तिघींनाच त्रास का?

खरं दुखणं वेगळंच

शहरातल्या पुरुषांनी वाजवलं तर तो छंद, गावातल्या हिजाबवाल्या पोरींनी वाजवलं तर ते धर्माविरुद्ध, असा हा हिशेब. त्यांना धमक्या आल्या. मार्स्यावर तर दगड फेकला गेला. २०२१ मध्ये त्यांनी जे गाणं काढलं, त्यात देवाकडंच मागणं मागितलं की मला संगीत वाजवू दे. देव सोडायचा नाही अन् गिटारही सोडायची नाही, ही त्यांची भूमिका. विरोधकांना उत्तर देणं म्हणूनच अवघड गेलं.

गाण्यांचे विषयही साधे नाहीत. बाईचं शरीर ही सार्वजनिक मालमत्ता नव्हे, माणूसच धरतीचा शत्रू झालाय, युद्धानं कुणाचं भलं होत नाही, असं त्या गातात. इंडोनेशियन, इंग्रजी अन् घरची सुंदानी, तिन्ही भाषा वापरतात.

मोबाईलनं काय दिलं, काय नाही

इथंच नीट बघायला पाहिजे. २०१७ च्या सुमारास व्हिडिओ अन् बातम्यांमुळं त्या जगभर पोचल्या. पहिलं गाणं २०१८ मध्ये आलं, २०२१ मध्ये युरोपचा दौरा झाला, २०२२ मध्ये जर्मनीच्या वाकेन महोत्सवात वाजवलं. अन् पूर्ण अल्बम? तो २०२३ मध्ये. बँड स्थापन झाल्यापासून ९ वर्षांनी.

याचा अर्थ सरळ आहे. मोबाईल एका रात्रीत नाव देतो, काम देत नाही. काम रियाझानं उभं राहतं. अन् जग टाळ्या वाजवतं म्हणून घरचा विरोध आपोआप मावळतो, असंही नाही. तो रोज तोंड देऊनच कमी करावा लागतो.

आणखी एक. त्या शाळेत मुलींच्या हाती वाद्य देणारा एक शिक्षक होता. "हे पोरींचं काम नाही" असं तो म्हणाला असता, तर 'रेतास' निघालाच नसता. गावागावांत अशा किती पोरी असतील, ज्यांच्या शाळेत असा माणूस नव्हता, हा प्रश्न टाळ्यांपेक्षा मोठा आहे.